परराष्ट्र सेवा : इंजिनिअरसाठी एक वेगळी वाट

थर्ड इयरला आलं की हॉस्टेलवरच्या चर्चेचे विषय ठरलेले असतात. कॅम्पस, गेट, कॅट, एम.एस.साठी जीआरई आणि यातलं काहीच नाही जमलं तर "यूपीएससी करू!" यूपीएससी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कलेक्टर आणि एस.पी. उभे राहतात. याच परीक्षेतून भारताचे राजदूतही घडतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. कुणी आयएफएस म्हटलं तर "म्हणजे फॉरेस्टवाले का?" असा प्रश्न हमखास येतो. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. वन सेवेलाही लोक आयएफएसच म्हणतात आणि २०१३ पासून दोघांची पूर्वपरीक्षाही एकच आहे. या लेखात मात्र आपण भारतीय परराष्ट्र सेवेबद्दल बोलणार आहोत.

हे लोक नेमकं करतात काय?

या सेवेची सुरुवात ९ ऑक्टोबर १९४६ ची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची. आज जगभरात भारताची सुमारे २०० कार्यालयं आहेत. देशाच्या राजधानीत असतो तो दूतावास, त्याचा प्रमुख राजदूत. तोच देश राष्ट्रकुलातला असेल, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलिया किंवा केनिया, तर दूतावासाला उच्चायुक्तालय म्हणतात आणि प्रमुखाला उच्चायुक्त. राजधानीबाहेरच्या मोठ्या शहरात असतो तो वाणिज्य दूतावास. त्या देशात काय चाललंय ते दिल्लीला कळवणं, आपली बाजू तिथे मांडणं, व्यापार वाढवणं, करारांची बोलणी करणं आणि तिथल्या भारतीयांची काळजी घेणं, ही मुख्य कामं.

"हे लोक नुसत्या पार्ट्या करतात" असा एक लाडका समज आहे. त्यासाठी २०२२ सालचं युक्रेन आठवून पाहा. २४ फेब्रुवारीला युद्ध सुरू झालं आणि विमानं बंद झाली. हजारो भारतीय विद्यार्थी, बहुतेक मेडिकलचे, आपल्यासारखेच हॉस्टेलवर राहणारे, तिथे अडकले. त्यांना पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकियाच्या सीमेपर्यंत आणायचं होतं. परराष्ट्र मंत्रालयाने सीमेजवळच्या गावांत कॅम्प ऑफिसं उघडली आणि तिथे मुद्दाम रशियन बोलणारे अधिकारी पाठवले. बस ठरवायची, नाक्यावर गाडी अडवली तर समजूत घालायची, शेजारच्या देशाकडून प्रवेशाची परवानगी मिळवायची, हे सगळं बोलूनच करायचं होतं. सुमी शहरात अडकलेल्या शेवटच्या मोठ्या गटातले ६९४ विद्यार्थी ८ मार्चला बसने बाहेर निघाले. एकूण ९० विमानं झाली आणि सुमारे २२,५०० भारतीय परत आले. खारकीव्हमध्ये मात्र आपला एक विद्यार्थी मारला गेला. या नोकरीत यश मिळालं तरी ते असं असतं.

इंजिनिअरचा इथे काय संबंध?

भरपूर आहे! आज देशादेशांत वाद होतात ते हवामान, अणुऊर्जा, सेमीकंडक्टर, फाइव्ह-जी यांवर. २००८ च्या भारत-अमेरिका अणुकरारात घासाघीस झाली ती इंधनाचा पुरवठा, वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया आणि अणुभट्ट्यांची तपासणी अशा मुद्द्यांवर. नव्या तंत्रज्ञानासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०२० मध्ये स्वतंत्र विभागच काढला.

दुसरी गोष्ट म्हणजे नेमकेपणा. ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स चुकला तर पार्ट बसत नाही, तसंच करारात एक शब्द चुकला तर देश अडकतो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत मसुद्यात कोळशाच्या विजेबद्दल 'फेज आउट', म्हणजे टप्प्याटप्प्याने बंद, असा शब्द होता. अगदी शेवटच्या बैठकीत भारताच्या आग्रहावरून तो 'फेज डाउन', म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी, असा झाला. काही देशांनी उघड नाराजी दाखवली, पण शब्द बदलला. फरक एका शब्दाचा, पण त्यामागे आपल्या औष्णिक वीज केंद्रांचा आणि घराघरातल्या दिव्यांचा प्रश्न होता. हा बदल बरोबर की चूक यावर कट्ट्यावर जरूर भांडा. शब्दांना किती वजन असतं तेवढं मात्र लक्षात ठेवा.

परीक्षेचं गणित

कोणत्याही शाखेची पदवी चालते, शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो. वय २१ ते ३२, खुल्या वर्गाला सहा प्रयत्न. ओबीसी आणि एससी/एसटी उमेदवारांना वयात अनुक्रमे तीन आणि पाच वर्षांची सवलत असते.

पूर्वपरीक्षेत दोन पेपर, प्रत्येकी २०० गुणांचे. दुसऱ्या पेपरात, म्हणजे सीसॅटमध्ये, ३३ टक्के मिळवले की झालं. मुख्य परीक्षेत निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे सात पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. मुलाखत २७५ गुणांची. एकूण २०२५. याशिवाय इंग्रजी आणि एक भारतीय भाषा यांत फक्त पास व्हायचं. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. वैकल्पिक विषयांत सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल आहेत, मराठी साहित्यही आहे. कॉम्प्युटरवाल्यांचा विषय मात्र यादीत नाही, त्यांनी दुसरा शोधावा.

आता आकडे बघा. २०२३ च्या परीक्षेला १० लाखांहून जास्त अर्ज आले, सुमारे ५.९ लाख उमेदवार प्रत्यक्ष बसले आणि शेवटच्या यादीत १,०१६ नावं आली. त्या वर्षी आयएएसच्या जागा होत्या १८० आणि आयएफएसच्या ३७. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पण "एक वर्ष देऊन बघू" असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे रूमच्या भिंतीवर लावावेत.

आणखी एक नियम नीट वाचा. कोणती सेवा आधी हवी याचा क्रम उमेदवाराने स्वतः भरायचा असतो. आयएएस किंवा आयएफएसमध्ये रुजू झालात की त्या सेवेत असेपर्यंत ही परीक्षा पुन्हा देता येत नाही. म्हणजे मित्राने भरला तोच क्रम आपणही भरला, असं इथे चालणार नाही!

निवड झाल्यावर

आधी मसुरीला सगळ्या सेवांबरोबर फाउंडेशन कोर्स, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण. प्रत्येकाला एक परदेशी भाषा घ्यावी लागते. अरबी, चिनी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी वगैरे. ती जिथे बोलली जाते तिथे थर्ड सेक्रेटरी म्हणून पाठवतात आणि भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. युक्रेनच्या सीमेवर रशियन बोलणारे अधिकारी ऐन वेळी मिळाले, ते याच पद्धतीमुळे.

"हे कॉन्व्हेंटवाल्यांचं काम" असं वाटत असेल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावच्या ज्ञानेश्वर मुळे यांचं 'माती, पंख आणि आकाश' लायब्ररीतून आणून वाचा. ते १९८३ च्या तुकडीचे. जपानी शिकले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये कॉन्सुल जनरल झाले. निरुपमा राव यांनी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठातून एम.ए. केलं. १९७३ च्या तुकडीत त्या पहिल्या आल्या आणि २००९ मध्ये परराष्ट्र सचिव झाल्या.

मुलींनी सी. बी. मुथम्मा हे नावही माहीत करून घ्यावं. १९४९ मध्ये आलेल्या त्या या सेवेतल्या पहिल्या महिला. तेव्हा महिला अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी लागे आणि लग्नानंतर राजीनामाही मागता येई. बढती नाकारल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायालयाने या नियमांवर कडक ताशेरे ओढले.

किंमतही समजून घ्या

साधारण तीन वर्षांनी देश बदलतो. मुलांची शाळा बदलते, नवरा किंवा बायकोची नोकरी अडते. आई-वडील आजारी असतात गावाला आणि आपण असतो सात समुद्रांपलीकडे. सगळ्या पोस्टिंग पॅरिसच्या नसतात. २००८ च्या जुलैमध्ये काबूलच्या आपल्या दूतावासावर हल्ला झाला, त्यात परराष्ट्र सेवेतले व्ही. वेंकटेश्वर राव मारले गेले. पुण्याचा म्हात्रे पूल आपल्यातल्या अनेकांनी ओलांडला असेल. त्याला नाव आहे ते रवींद्र म्हात्रे यांचं. बर्मिंगहॅममधल्या भारतीय कार्यालयातल्या या अधिकाऱ्याचं फेब्रुवारी १९८४ मध्ये अतिरेक्यांनी अपहरण करून खून केला.

आतापासून काय करता येईल?

रोज एक पेपर वाचा आणि परदेशाची एक बातमी नकाशा समोर ठेवून समजून घ्या. आठवड्याला एक पान लिहा, मराठीत चालेल, पण नेमकं. एखादी परदेशी भाषा सुरू करा. मेसमधल्या वादात कधीतरी समोरच्याची बाजू त्याला पटेल अशी मांडून दाखवा, हे वाटतं त्याहून अवघड आहे! आणि बी.ई.चे मार्क सांभाळा, कारण प्रयत्न फसला तर पोट भरायला तीच डिग्री आहे. परदेशातल्या कार्यालयांत काम करण्याचा आणखी एक रस्ता आहे. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं.

हे सगळं वाचूनही जायचं असेल तर सुट्टीत घरी गेल्यावर आई-वडिलांशी एकदा मोकळेपणाने बोला. तीन-तीन वर्षं लांब राहायचं आहे ते त्यांनाही. सर्वांना शुभेच्छा!