हातात जोर येतो गं, फक्त घाई करू नकोस

चुडाव्याच्या पोलीस ठाण्यावरून जाताना तुझी मान आपोआप तिकडे वळते, हे काय मला दिसत नाही? पोलीस भरती डोक्यात बसलीय ना, बसू दे. मैदानीचे ५० गुण. त्यात ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. पळायची तुला धास्ती नाही. चार किलोचा गोळा उचलला की मनगट लुळं पडतं, रडू येतं ते त्याचं.

‘ताई, धुणं पिळते, पाणी भरते, कापूस वेचते, तरी हातात जोर का नाही?’ खरं सांगू का, या कामांनी हात चिवट होतात आणि दमतातही. पण कळशी कालही तेवढीच होती, आजही तेवढीच आहे. वजन वाढलं नाही तर ताकद तरी कशाला वाढेल?

त्यासाठी पूर्णा नाहीतर नांदेडला जाऊन जिमची फी भरायची गरज नाही. तेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन घे आणि रेती भर. पूर्ण भरला तर एकेक आठ किलोच्या आसपास जातो, म्हणून सुरुवात अर्ध्यावर कर. दोन्ही हातांत धरून अंगणात फेऱ्या मार, खांदे मागे आणि मनगट सरळ. तीन-चार फेऱ्या, मधे दम खा. सोपं वाटायला लागलं की दोन ओंजळी रेती वाढव. मी पहिल्याच दिवशी गच्च भरून गल्लीभर मिरवले होते, दुसऱ्या दिवशी वेणी घालायला आईला बोलवावं लागलं!

मग फावड्याचा जुना दांडा घे, मधे दोरी बांध आणि खाली वीट लटकव. हात समोर धरून मनगटाने दांडा फिरवत दोरी गुंडाळ, तशीच हळूहळू सोड. एकदा पुढे, एकदा मागे. पोटरीसारखा कोपराखालचा भाग भरून येतो बघ. बोटं मिटणारे मोठे स्नायू तिथेच असतात, आतल्या बाजूला. बोटं उघडणारे बाहेरच्या बाजूला. ती बाहेरची बाजू सगळेच विसरतात. केसांचं रबर पाची बोटांभोवती अडकवून बोटं ताणून उघडायची, एवढं टीव्ही बघतानाही होतं. कडुलिंबाची दणकट फांदी असेल तर दहा सेकंद नुसतं लटक.

हे सगळं आठवड्यातून तीनदा, मधे एक दिवस सोडून. वेचणीच्या दिवसांत हात आधीच शिणलेले असतात, तेव्हा सुट्टी घेतलीस तरी चालेल. स्नायू लवकर तयार होतात, ते हाडाला जोडणाऱ्या कंडरांना जास्त वेळ लागतो, म्हणून घाई नको. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर घाबरू नकोस. पण कोपराच्या बाहेरून कळ निघाली किंवा रात्री बोटांना मुंग्या यायला लागल्या, तर थांब आणि डॉक्टरांना दाखव. अंगावर काढायचं नाही, सांगून ठेवते.

‘हात पुरुषी दिसतील’ म्हणणाऱ्या काकूंकडे लक्ष देऊ नकोस. बायकांच्या अंगात स्नायू फुगवणारं टेस्टोस्टेरॉन तेवढं नसतंच. जेवण मात्र पोटभर हवं. वरण, उसळ, मूठभर शेंगदाणे, आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची सवय आधी सोड.

गोळ्याचं म्हणशील तर तो तळहातात नाही, बोटांच्या मुळांशी बसवायचा आणि मानेला टेकवायचा. जोर पायातून निघतो, कमरेतून वर येतो. मनगट आणि बोटं शेवटचा झटका देतात. म्हणून पाय-कमरेसाठी बैठकाही चुकवायच्या नाहीत.

आणि समज, भरतीत एखाद्या वेळी नाही जमलं, तरी हे वाया जात नाही. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १७ देशांतल्या जवळपास १ लाख ४० हजार माणसांच्या हाताच्या पकडीचा अभ्यास आला होता. ज्यांची पकड पाच किलोने कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांनी जास्त दिसलं. पकडीवरून सगळ्या शरीराचा अंदाज येतो, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा आईलाही घे सोबत, तिला हलका कॅन दे. मंगळवारी सुरू कर, आणि पहिल्या दिवशी अर्धाच भरायचा, ऐकतेयस ना?