माळाची अमानत

(निसर्गाची छायाचित्रे काढणे आणि ती मित्रमंडळींना दाखवणे हा अनेकांचा आवडता छंद आहे. प्रस्तुत पाठात लेखकाने सोलापूर परिसरातील या छंदाचा एक अनुभव सांगितला आहे. आपला आनंद दुसऱ्यांना वाटताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठातून आपल्याला समजते.)

मी सोलापुरातील एका उर्दू शाळेत शिक्षक आहे. आठवड्याचे सहा दिवस फळा आणि खडू यांत जातात. रविवारची सकाळ मात्र माझी असते. त्या दिवशी मी फज्रची नमाज झाली की सायकल काढतो, गळ्यात जुना कॅमेरा अडकवतो आणि शहराबाहेर पडतो.

माझ्यासारखी आवड असलेले आम्ही दहा-बारा जण आहोत. त्यांत यंत्रमागावर काम करणारे एक काका आहेत. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत. औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आहे. माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी आणि तिचे अब्बा हेही आमच्यात आहेत. काढलेली छायाचित्रे आम्ही फोनवरून एकमेकांना पाठवतो. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी चहाला जमतो आणि त्या चित्रांवर बोलतो.

मुलांनो, उर्दूत आपण छायाचित्राला 'तस्वीर' म्हणतो. मराठीतही 'तसबीर' हा शब्द आहे. पण मराठीत तसबीर म्हणजे बहुधा भिंतीवर टांगलेले, चौकटीतले चित्र. आमच्या तसबिरी भिंतीवर नसतात. त्या एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत असतात.

आमच्या गटाचा एक नियम आहे. प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रातील आवडलेली गोष्ट आधी सांगायची. मग सुधारणा सांगायची, तीही एकच. खोटी स्तुती करायची नाही आणि हेटाळणीही करायची नाही.

काही लोक विचारतात, "सोलापुरात फोटो काढण्यासारखे आहे तरी काय? येथे ना समुद्र, ना हिरवे डोंगर!" त्यांना मी सिद्धेश्वर तलावाकाठी घेऊन जातो. तलावाच्या पाण्यात उभे असलेले मंदिर आणि शेजारचा भुईकोट किल्ला पहाटेच्या प्रकाशात पाहिला, की विचारणारा गप्प होतो. हिवाळ्यात हिप्परगा तलावावर दूरदूरचे पक्षी उतरतात. उजनी धरणाच्या फुगवट्यात गुलाबी पंखांचे रोहित पक्षी येतात. आणि शहराबाहेर पसरलेला आमचा माळ! पावसाळ्यात तो हिरवा असतो, हिवाळ्यात सोनेरी होतो आणि उन्हाळ्यात मातीच्या रंगाचा दिसतो. एकाच जागेची तीन चित्रे शेजारी ठेवली, तर ती तीन वेगळ्या गावांची वाटतात.

माझ्या विद्यार्थिनीने पहिले छायाचित्र सिद्धेश्वर तलावाचे काढले होते. प्रकाश सुंदर होता. पण पाण्याची रेघ तिरपी आली होती. यंत्रमागवाले काका म्हणाले, "बेटा, उजेड फार छान पकडलास. पण पाणी कधी तिरपे राहते का? एका बाजूने सांडून जाईल की!" सगळे हसले. तीही हसली. त्या दिवसापासून तिच्या एकाही चित्रातील क्षितिज तिरपे आले नाही.

आपण काढलेले चित्र दुसऱ्यांना दाखवण्याची ही आवड नवी नाही. फ्रान्समधील निएप्स या संशोधकाने १८२७ च्या सुमारास काढलेले एक छायाचित्र आजही जपून ठेवलेले आहे. ते त्याच्या घराच्या खिडकीतून दिसणारे दृश्य आहे. ते उमटायला कित्येक तास लागले होते. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. त्या काळी कॅमेरा जड असे. चित्र काचेच्या पट्टीवर किंवा कागदावर उमटवावे लागे आणि ते मोजक्या लोकांनाच पाहायला मिळे. आता तसे राहिलेले नाही. आज बोट टेकवले, की चित्र हजारो लोकांपर्यंत पोहोचते. पण चित्राबरोबर आणखीही काही पोहोचते. ते मला एका उन्हाळ्यात कळले.

मे महिन्यातील रविवार होता. मी एका माळावरून चाललो होतो. एकाएकी एक माळटिटवी ओरडत उडाली आणि माझ्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मी खाली पाहिले. उघड्या जमिनीवरच्या एका उथळ खळग्यात चार अंडी होती. मातीच्या रंगाची, त्यांवर काळपट ठिपके. मी घाईघाईने जवळ बसलो, पाच-सहा छायाचित्रे काढली आणि परत आलो.

रात्री मी त्यांतले सर्वांत चांगले चित्र गटात पाठवले. खाली लिहिले, 'अमुक रस्ता, मोठे कडुनिंबाचे झाड, तेथून डावीकडे शंभर पावले.' सर्वांनी वाहवा केली. माझ्या विद्यार्थिनीने मात्र विचारले, "सर, यात अंडी कुठे आहेत? मला तर नुसते दगड दिसतात." मला गंमत वाटली. त्या अंड्यांचे रक्षण त्यांचा रंगच करत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. जे कोणाला दिसू नये म्हणून निसर्गाने इतके लपवले होते, त्याचा पत्ता मी लिहून मोकळा झालो होतो.

चित्र आवडले म्हणून कोणीतरी ते गटाबाहेर पाठवले. तेथून ते आणखी पुढे गेले.

पुढच्या रविवारी मी आणि काका त्या माळावर गेलो. घरट्याभोवती सात-आठ अनोळखी माणसे बसली होती. चित्र स्वच्छ यावे म्हणून कोणी आसपासचे वाळलेले गवत उपटले होते. जागा पुन्हा सापडावी म्हणून कोणी दगडांची रास केली होती. सकाळचे दहा वाजले होते. ऊन भाजत होते. टिटवी वर ओरडत फिरत होती. पण तिला खाली उतरता येत नव्हते.

मुलांनो, उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर केवळ ऊब देण्यासाठी बसत नाही. ती आपल्या अंगाची सावली अंड्यांवर धरते. ऊन फार वाढले, की ती पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. ती दूर राहिली, तर अंड्यांतील जीव उन्हाने मरू शकतो.

काकांनी त्या लोकांपुढे हात जोडले. ते म्हणाले, "बाळांनो, ती टिटवी म्हणजे त्या अंड्यांची सावली आहे. तिला खाली उतरू द्या."

ती माणसे वाईट नव्हती. ती खजील झाली आणि लगेच उठली. पण किती वेळापासून ती तेथे बसली होती, कोण जाणे.

आठ दिवसांनी आम्ही रस्त्यावरूनच दुर्बिणीने पाहिले. घरट्यावर टिटवी नव्हती. त्यानंतर आणखी आठ दिवसांनी पाहिले, तर अंडीही नव्हती. पिल्ले बाहेर पडली असती, तर आम्हाला पाहताच टिटव्यांनी सारा माळ डोक्यावर घेतला असता. माळ शांत होता.

त्या महिन्यात आम्ही चहाला जमलो. माझ्या विद्यार्थिनीने हळूच विचारले, "सर, यात चूक कोणाची?"

मी म्हणालो, "माझी. ती माणसे मी दिलेल्या पत्त्यावर आली होती."

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग काका म्हणाले, "सर, फोटो तुमचा होता. जागा तिची होती. ती अमानत होती."

काकांचे ते वाक्य मी विसरलो नाही. आपण आपली वस्तू कोणालाही देऊ शकतो. पण दुसऱ्याची अमानत वाटून टाकण्याचा हक्क आपल्याला नसतो.

टिटव्या पुष्कळ आहेत. एका घरट्याचे नुकसान झाले, तरी ती जात नाहीशी होत नाही. पण आपल्या सोलापूरचा मालढोक पाहा. सुमारे एक मीटर उंचीचा हा भारदस्त पक्षी माळावरच राहतो. त्याच्यासाठी सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. प्रसिद्ध पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांना तर मालढोक हाच भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे वाटत होते. पुढे १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मालढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. आज देशभरात मोकळ्या रानात फक्त दीडशेच्या आसपास मालढोक उरले असावेत, असे मानले जाते. त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजच्या माळावर काळवीट अजूनही उड्या मारतात. मालढोक मात्र क्वचितच दिसतो. शिकार, माळांची झालेली शेती आणि विजेच्या तारा ही त्याच्या ऱ्हासाची मोठी कारणे आहेत. जेथे पक्षी इतके थोडे आणि अंडे एकच, तेथे माझ्यासारखी एक चूकसुद्धा फार महाग पडेल. म्हणूनच पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे 'ईबर्ड' हे संकेतस्थळ मालढोकासारख्या पक्ष्यांची नेमकी जागा सर्वांना दाखवत नाही. आपल्या देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसारही संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हा गुन्हा आहे.

त्या दिवशी आम्ही गटाचे काही नवे नियम केले. तलाव, किल्ला, सूर्यास्त यांची चित्रे पाठवताना जागा, वेळ सारे काही मोकळेपणाने सांगायचे. त्यामुळे दुसऱ्यालाही तेथे जाता येते. घरट्याजवळ जायचेच नाही. चुकून घरटे दिसले, तर तेथून निघून यायचे आणि जागा कोणालाही सांगायची नाही. फोनमधील जागेची नोंद बंद ठेवायची. कारण फोन चित्राबरोबर तीही साठवून ठेवतो. चित्रासाठी गवत, काटकी किंवा दगड हलवायचा नाही. आणि पक्ष्याने चरणे थांबवून आपल्याकडे पाहिले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे सरायचे.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या विद्यार्थिनीने एक छायाचित्र पाठवले. त्यात माळच माळ होता. वर मोठे आभाळ होते आणि क्षितिज अगदी सरळ होते. एका कोपऱ्यात, बोटाच्या नखाएवढी, एक टिटवी बसलेली दिसत होती. ती उन्हात पंख थोडे पसरून बसली होती. चित्राखाली फक्त एवढेच लिहिले होते : 'सावली.'

सर्वांनी त्या चित्राची स्तुती केली. काकांनी नियमाप्रमाणे एक सुधारणा सांगितली, "आभाळ थोडे कमी घेतले असते, तर चालले असते." पण ही जागा कोणती, असे कोणीही विचारले नाही.

शब्दार्थ

अमानत – विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू
माळ – झाडे नसलेली, गवताची मोकळी जमीन
फुगवटा – धरणामुळे मागे साठलेले पाणी
हेटाळणी – तुच्छ लेखून केलेली थट्टा
क्षितिज – जेथे आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ती रेषा (उफुक)
घिरट्या घालणे – गोल गोल फिरणे
खजील होणे – शरमणे, शर्मिंदा होणे
डोक्यावर घेणे – खूप आरडाओरडा करणे
ऱ्हास – हळूहळू कमी होणे, नाश

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाच्या गटातील नियम कोणता होता?
(आ) माळटिटवीची अंडी कशी दिसत होती?
(इ) मालढोकासाठी अभयारण्य कोणत्या साली घोषित झाले?

प्रश्न २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) उन्हाळ्यात टिटवी अंड्यांची काळजी कशी घेते?
(आ) "माळ शांत होता," यावरून लेखकाला काय समजले?
(इ) शेवटच्या चित्राची जागा कोणीही का विचारली नाही?

प्रश्न ३. कोण, कोणास म्हणाले ते लिहा.
(अ) "पाणी कधी तिरपे राहते का?"
(आ) "तिला खाली उतरू द्या."
(इ) "सर, यात चूक कोणाची?"

प्रश्न ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
स्तुती, जवळ, सरळ, ऊन

प्रश्न ५. 'तसबीर' प्रमाणे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द शोधा. दोन्ही भाषांत त्यांचा अर्थ एकच आहे का, ते पाहा.

उपक्रम : तुमच्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी निरीक्षण करा. प्रकाशामुळे त्यात कोणता फरक पडतो, ते पाच ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.