तेलाचे भोक कुठे पाडावे?

शिवणयंत्राला तेल देताना तुम्ही ते कुठे देता? जिथे भोक असेल तिथे! पण ते भोक तिथेच का, असे कधी मनात आले आहे का?

१८८३ च्या सुमारास ब्यूचॅम्प टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या डब्यांना असते तसे बेअरिंग तपासत होता. खाली फिरणारा आस, त्याचा तळ तेलात बुडालेला. आसावर अर्धगोल बेअरिंग आणि त्यावर सारा भार. रीतीप्रमाणे त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेलासाठी भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाईना. उलट भोकातून वर येऊ लागले! बूच मारले, तेही बाहेर ढकलले गेले. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. भारामुळे येणारा सरासरी दाब दर चौरस इंचाला सुमारे १०० पौंड होता. काटा २०० च्याही पुढे गेला.

हा दाब आला कुठून? आस आणि बेअरिंग यांमधली फट एका बाजूने निमुळती होत जाते. तेल आसाला चिकटून त्या फटीत ओढले जाते, दाटते आणि भार उचलून धरते. धातूला धातू लागतच नाही. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी याचे गणित मांडले. (भार वाढवूनही इथे घर्षण फारसे वाढत नाही. पाठ्यपुस्तकातला नियम कोरड्या पृष्ठभागांचा आहे, हे शिक्षकांनी जरूर दाखवावे.)

म्हणजे भार पडतो तिथेच भोक किंवा खाच पाडली, तर भार पेलणाऱ्या थरालाच गळती लागते. तेल द्यायचे ते भार नसलेल्या बाजूने.

दुसरी चूक अगदी नेहमीची. बैलगाडीच्या आसाला वंगण चोपडून लावतात, म्हणून यंत्रालाही जितके जास्त तितके बरे, असे वाटते. बॉल बेअरिंगमधली मोकळी जागा ग्रीजने साधारण एक तृतीयांश ते निम्मी भरलेली पुरते. ती ठासून भरली की गोळ्या ग्रीज घुसळत राहतात, बेअरिंग तापते, ग्रीजमधले तेल पातळ होऊन सुटते. कामगार हात लावून पाहतो, ‘गरम झाले, ग्रीज संपले वाटते’ म्हणतो आणि आणखी भरतो!

आता एक प्रश्न. आस थांबलेला असताना हा थर कुठे असतो? नसतोच; धातू धातूवर टेकलेला असतो. म्हणून यंत्र सुरू होताना झीज अधिक. औष्णिक वीजकेंद्रातल्या मोठ्या टर्बाइनचा आस फिरवण्यापूर्वी पंपाने त्याच्याखाली तेल दाबतात आणि तो किंचित उचलून घेतात.