कागद आधी नीट करा, आजार सांगून येत नाही

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका काकांच्या छातीत रात्री जोराची कळ आली. घरच्यांनी गाडी करून त्यांना बाहेरगावच्या एका खासगी रुग्णालयात नेले. सकाळपर्यंत उसनवारी करून ऐंशी हजार रुपये भरले. तिसऱ्या दिवशी कळले, की त्याच रुग्णालयात खाली आरोग्यमित्राचे टेबल आहे आणि हा उपचार योजनेत मोफत बसतो. धावपळ करून रेशनकार्ड आणले, तर त्यावरचे नाव आधारशी जुळेना. काका वाचले, कर्ज मात्र अजून फिटते आहे.

हे दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून या वेळी आम्ही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती देत आहोत.

योजना काय आहे?

ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. तेव्हा वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. आता ती आयुष्मान भारत योजनेशी जोडली असून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पूर्वी पिवळे आणि केशरी कार्ड लागे. आपला वाशीम शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत असल्याने इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतले होते. १ जुलै २०२४ पासून कार्ड कोणत्याही रंगाचे असले तरी राज्यातले प्रत्येक कुटुंब पात्र आहे.

दाखल झाल्यावर खाट, डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे जेवण यांचे पैसे लागत नाहीत. सुटी झाल्यावर १० दिवसांपर्यंतची औषधे व फेरतपासणीही त्यातच येते. हृदयविकार, कॅन्सर, डायलिसिस, अपघात, भाजणे असे मोठे खर्च यात आहेत. साधा ताप-खोकला दाखवून घरी आलो, तर तो खर्च मात्र मिळत नाही.

तीन गैरसमज

पहिला : ५ लाख आपल्या खात्यात येतात. तसे नाही. पैसे थेट रुग्णालयाला जातात.

दुसरा : प्रत्येकाला ५ लाख मिळतात. नाही, ते घरातल्या सगळ्यांत मिळून आहेत. एकाला लागले तर एकाच्या उपचारावर सगळे वापरता येतात. मात्र ७० वर्षांवरील आजी-आजोबांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळे निघते. त्यावर त्यांना स्वतंत्र ५ लाखांचे उपचार मिळतात आणि उत्पन्नाची अट नाही.

तिसरा गैरसमज सर्वांत महागात पडतो. काही माणसे म्हणतात, "आता नको, मोठ्या आजाराला राहू द्या." पण यंदा न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षात जमा होत नाही. योजनेचे वर्ष बदलले की नवे ५ लाख सुरू होतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले ऑपरेशन कार्ड वाचवण्यासाठी पुढे ढकलू नका. आणि उलटही लक्षात ठेवा : पैसे लागत नाहीत म्हणून गरज नसलेले ऑपरेशन करून घेऊ नका. विशेषतः गर्भाशय काढायला कोणी सांगितले, तर आपल्या बहिणींनी आधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

आजारी पडण्याआधी करायची कामे

१. घरातल्या प्रत्येकाचे नाव रेशनकार्डावर आहे का, ते पाहा. नव्या सुनेचे नाव बहुधा माहेरच्याच कार्डावर राहिलेले असते.

२. आधार आणि रेशनकार्ड यांतले नाव, आडनाव व जन्मसाल जुळवा. चूक असेल तर रेशनकार्डासाठी तहसील कार्यालयाचा पुरवठा विभाग आणि आधारसाठी आधार केंद्र गाठा.

३. प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड काढून घ्या. आशाताई, सेवा केंद्र किंवा योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र मदत करतात.

४. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा आणि ती कुठे आहे ते मुलांनाही सांगा.

५. पुण्या-मुंबईला किंवा वीटभट्टीवर कामाला जाताना एक संच सोबत न्या. वाशीमचे कार्ड राज्यातल्या योजनेतल्या कोणत्याही रुग्णालयात चालते.

रुग्णालयात गेल्यावर

आधी विचारा, "हे रुग्णालय योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?" पैसे भरण्याआधी त्यांना भेटा. उपचाराला आधी मंजुरी लागते. ती येण्यापूर्वी भरलेले पैसे परत मिळवणे फार अवघड जाते. जिवावर बेतले असेल, तर फोनवरून कळवून मंजुरी घेता येते आणि कागद नंतर देता येतात. त्यामुळे कागदासाठी रुग्णाला घरी थांबवू नका. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत. तसे असेल तर कुठे जायचे तेही विचारून घ्या.

मंजूर उपचारासाठी कोणी रोख मागितले, तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकावर तक्रार करा. ही कोणाची मेहरबानी नाही, आपला हक्क आहे. घाबरून गप्प बसू नका.

आमची एकच विनंती. येत्या रविवारी विहारात वंदनेला येताना रेशनकार्ड आणि आधार सोबत आणा. शिकलेल्या मुला-मुलींनी अर्धा तास बसून शेजाऱ्यांची नावे जुळवून पाहावीत. ज्यांची जुळत नाहीत त्यांची यादी करावी आणि सोमवारी दोघा-तिघांनी मिळून तहसीलला जावे. काकांच्या घरी नाव एका अक्षराने चुकले होते. ते दुरुस्त करायला एक दिवस पुरला असता.