मेंदूतील गाठ आणि प्रतिध्वनी

मोलगीच्या परिसरात सातपुड्याच्या एखाद्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली, की थोड्या वेळाने तीच हाक परत येते. समजा, ती २ सेकंदांनी आली. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. जाऊन-येऊन ६८० मीटर झाले, म्हणजे कडा ३४० मीटरवर आहे. एवढे गणित ज्याला येते त्याला पुढचे सारे समजेल.

मेंदूतील गाठ काढताना शल्यविशारदापुढे मोठा पेच असतो. गाठीचा अंश मागे राहिला तर ती पुन्हा वाढू शकते. निरोगी भाग कापला गेला तर रोग्याची वाचा किंवा हातातील शक्ती जाऊ शकते. त्यातून पुष्कळ गाठी दिसायला भोवतालच्या मेंदूसारख्याच! आधी काढलेली एमआरआय चित्रे असतात खरी. पण कवटी उघडली की मेंदूभोवतीचा द्रव वाहून जातो, मेंदू खचतो आणि खुणा कधी कधी सेंटीमीटरभरही सरकतात. शस्त्रक्रियागृहातच एमआरआय यंत्र बसविता येते, परंतु त्याचा खर्च कोट्यवधी रुपयांचा.

पोट तपासण्याचे सोनोग्राफी यंत्र त्या मानाने पुष्कळच स्वस्त. त्याच्या प्रोबमधील दाबविद्युत पदार्थ श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद सोडतो आणि परतणारे प्रतिध्वनी टिपतो. मेंदूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. ४ सेंटीमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला लागतात अवघे ५२ मायक्रोसेकंद. कंप्रता ५ मेगाहर्ट्‌झ घेतली तर तरंगलांबी सुमारे ०.३ मिलिमीटर येते. कंप्रता वाढविली की तपशील अधिक बारीक दिसतो, पण ध्वनी लवकर शोषला जातो. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

मग कवटी न उघडता बाहेरूनच का पाहू नये? ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनी १९४२ साली हेच करून पाहिले. पुढे कळले, की त्यांच्या चित्रांतील आकृती मुख्यतः कवटीच्या हाडामुळेच उमटल्या होत्या. हाड ध्वनीचा बराच भाग परतवते, उरलेला शोषते. शस्त्रक्रियेत मात्र हाडाचा तुकडा काढलेलाच असतो, म्हणून अडसर आपोआप दूर होतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अलियासगर मोइयादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी ती कमी खर्चाचे मार्गदर्शक साधन म्हणून मांडली. नॉर्वेत तयार झालेले त्रिमिती सोनोग्राफी यंत्रही त्यांनी वापरले. त्यात प्रोबची जागा कॅमेरा टिपत राहतो आणि नवे चित्र जुन्या एमआरआयवर बसवून दाखविता येते.

अडचणी आहेतच. गाठ बहुधा पडद्यावर उजळ दिसते. पण भोवतालची सूजही थोडी उजळ दिसते. गाठ काढल्यावर पोकळीत मिठाचे पाणी भरतात, कारण हवेचा बुडबुडा राहिला तर जवळजवळ सारा ध्वनी तेथूनच परततो. गंमत अशी, की पाण्यात ध्वनी फारसा शोषला जात नसल्यामुळे पोकळीच्या तळाची कड फाजील चकाकते, आणि नवख्याला ती उरलेली गाठच वाटते! म्हणून यंत्राइतकाच डोळ्यांचा सराव लागतो.

आता एक उदाहरण तुम्ही सोडवा: प्रतिध्वनी २६ मायक्रोसेकंदांनी आला, तर गाठीची कड किती खोल आहे?