काठाकडून आत, की मधून बाहेर?

गोधडी हाताने शिवायची की मशीनवर, हा प्रश्न बहुतेक घरांत वेळ आणि पैसा पाहून सुटतो. हाताने शिवायची तर फावल्या वेळात दीड-दोन महिने सहज जातात. मशीनवाला दोन दिवसांत घडी करून हातात देतो. भिलाईतल्या एका मराठी घराने असाच हिशेब केला आणि तो अंगाशी आला. त्या घरातल्या काकू मात्र नशिबाला बोल लावून गप्प बसल्या नाहीत. गोधडी का बिघडली हे त्यांनी शोधून काढलं, आणि आता कोणी जुनी लुगडी घेऊन मशीनवाल्याकडे निघालं की त्या आधी त्यांना घरात बोलावून बसवतात.

भिलाईत मराठी घरं आजची नाहीत. सोव्हिएत मदतीने इथे पोलाद कारखाना उभारायचा करार १९५५ साली झाला. तेव्हा हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. नागपूर आणि भिलाईला लागून असलेलं दुर्ग एकाच हावडा-मुंबई लोहमार्गावर असल्याने विदर्भातून नोकरीसाठी येणं सोपं होतं. सेक्टरांमधल्या क्वार्टरांत ट्रंका उतरल्या, त्यांबरोबर गोधड्याही उतरल्या. शेजारच्या छत्तीसगढी घरांत कथरी होतीच, त्यामुळे जुनेराचे थर टाचून पांघरूण करण्याचं इथे कोणाला नवल वाटलं नाही. थंडीही बेताची. डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री सोडल्या तर कापसाची जाड रजई अंगावर नकोशीच होते.

काकूंच्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची सुती लुगडी पेटीत राहिली होती. नातवाच्या लग्नाआधी त्यांची गोधडी व्हावी असं सगळ्यांच्या मनात आलं. दिवस थोडे होते. सासूबाईंनी स्वतः शिवलेली एक गोधडी नमुन्यासाठी बरोबर घेऊन काकू बाजारातल्या एका रजया शिवणाऱ्याकडे गेल्या. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "भाभीजी, डिझाइन यही डाल दूँगा. मशीन का टाँका है, हाथ से पक्का रहेगा."

गोधडी सांगितलेल्या दिवशी मिळाली. काठाजवळचे टाके एका ओळीत, नजर लागावी असे. मधोमध मात्र कापड फुगलं होतं आणि त्यावर चुण्याच शिवल्या गेल्या होत्या. अंगावर घेतली तर पुठ्ठ्यासारखी उभी राही, अंगाला धरतच नसे. थोड्याच धुण्यांत टाक्यांच्या रेषेवरून कापड चिरत गेलं. दोरा शाबूत होता, लुगडं गेलं होतं.

त्या माणसाने फसवलं नाही, हे काकू आवर्जून सांगतात. सांगितलं तेच त्याने केलं, नमुन्यातली रेघ न् रेघ उतरवली. बिघाड नेमका तिथेच होता.

जुन्या गोधड्यांत अनेकदा टाका काठावरून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत येतो. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच काठाकडून आत जाते. तिच्या चारही कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं असतात. हाताला ही वाट मानवते. शिवणारी बाई मांडी घालून बसते, डावा तळवा कापडावर फिरत असतो, जरा सैल लागलं की ती तिथल्या तिथे सारखं करते, दोन टाक्यांत कणभर जिरवते. शेवटच्या चौकोनापर्यंत येताना सैलपणा जागोजाग वाटला गेलेला असतो.

मशीनला तळवा नसतो. तिचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा पाय वरच्या थराला दाबून धरतो. चार-सहा थर असले की वरचा थर दर टाक्याला किंचित मागे राहतो. पाच फुटांच्या रेषेत हे 'किंचित' बोटभर होतं. काठ आधी शिवून बंद केलेले असल्यावर हे जास्तीचं कापड जाणार कुठे? मध्याकडे सरकतं आणि शेवटी तिथेच कोंडतं. म्हणून मशीनवर थरांची शिवण नेहमी मधून बाहेर न्यावी लागते. सैल कापड काठाकडे निघून जातं आणि शेवटी कात्रीने छाटता येतं. वॉकिंग फूट नावाचा जोड मिळतो, त्याने वरचा थरही दात्यांच्या चालीने पुढे सरकतो. जाड शिवणीसाठी तो घेतलाच पाहिजे. शिवाय सगळे थर आधी मुठीएवढ्या अंतरावर कच्च्या टाक्यांनी किंवा सेफ्टी पिनांनी टाचून घ्यायचे. मशीनवाले हे काम वेळखाऊ म्हणून टाळतात, आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

दुसरा बिघाड दोऱ्याचा. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा थरांच्या आत एकमेकांत अडकतात, दोन्ही बाजूंना सलग ताणलेली रेघ बसते. धावदोऱ्यात एकच दोरा वर येतो, खाली जातो, आणि मधल्या मोकळ्या जागेत कापड हलू शकतं. हाताच्या गोधडीचा मऊपणा बराचसा या मोकळ्या जागेत असतो. त्यात मशीनवाल्यांकडे बहुतेक पॉलिस्टरचा दोरा. विरलेल्या सुतापेक्षा तो कितीतरी चिवट. धुताना, पिळताना ओढ बसली की दोघांपैकी एकजण हार मानणार. पॉलिस्टर मानत नाही. १६ नंबरची सुई एक मिलिमीटर जाड असते आणि इंचाला दहा टाके धरले तर दर इंचाला तेवढी दहा भोकं पडतात. नव्या कापडाला त्याचं काही वाटत नाही. वर्षानुवर्षं नेसलेल्या, उन्हात वाळलेल्या लुगड्यावर ती फाडायला आखून दिलेली रेघ ठरते.

यावरून मशीन वाईट असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि चूकही. अमेरिकेत हा वाद फार पेटला होता. केंटकी राज्यातल्या पदुका गावी भरणाऱ्या क्विल्ट प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॉलर्ट यांच्या 'कोरोना टू: द सोलर एक्लिप्स' या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मशीनवर टाके घातलेल्या क्विल्टला तिथे हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. हाताच्या टाक्यालाच कला मानणाऱ्यांना ते रुचलं नाही. पण फॉलर्ट यांनी कोणाचं जीर्ण लुगडं घेतलं नव्हतं. मशीनला सोसेल असं कापड आणि मशीनला जमेल अशी वळणदार रेघ त्यांनी निवडली होती.   

तर कापड आधी तपासायचं, शिवणाऱ्याची निवड नंतर. साडी उजेडासमोर धरावी. वीण विरळ झाली असेल तर लगेच दिसते. दोन्ही अंगठे जवळ टेकवून कापड हलकेच ताणावं. चर्र आवाज आला किंवा सूत सरकलं, तर ते कापड मशीनखाली घालू नये. नेसताना बसण्याची जागा आणि निऱ्या आधी झिजतात; कमरेला आत खोचलेलं टोक बरेचदा धड असतं, ते वरच्या थराला घ्यावं. फारच विरलेलं, पण टाकवत नाही असं लुगडं मधल्या थरात घालून वरखाली चांगलं सुती कापड लावता येतं. नवं कापड आधी धुऊन आटवून घ्यायचं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आखडतं आणि जुन्याला चुण्या पाडतं. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या साड्या सुती थरांत मिसळू नयेत; त्या घसरतात, घाम टिपत नाहीत, आणि मशीनवर तर हमखास सरकतात.

रोज वापरायच्या, सारख्या धुवायच्या, नव्या कापडाच्या दोन-तीन थरांच्या गोधडीला मशीन उत्तम. टाका तीन-साडेतीन मिलिमीटरचा, दोरा सुती, रेषा जरा लांब लांब. पूर्ण काम द्यायच्या आधी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचा फूटभर चौकोन शिवून मागावा आणि तो घरी दोनदा धुवावा. जो मशीनवाला यावर चिडतो त्याच्याकडे लुगडी सोडू नयेत. हाताने शिवतानाही दाभण आणि जाड रिळाचा हट्ट नको. बारीक सुई, सुती दोरा, आणि टाका इतका लांब नको की बाळाची बोटं त्यात अडकतील.

'हातशिलाईची' म्हणून विकत घेताना उलटी बाजू पाहावी. धावदोऱ्यात दोन्ही बाजूंना टाका आणि मोकळी जागा आलटून पालटून दिसते, लांबीही थोडी कमीजास्त असते. एका बाजूला तुटक टाके आणि दुसरीकडे सलग रेघ दिसली तर वर पारदर्शक नायलॉनचा दोरा घालून मशीनने हाताचा आव आणलेला असू शकतो. बोटाने चाचपलं की तो दोरा टोचतो, आणि कडक इस्त्रीखाली वितळतो.

बिघडलेली शिवण उसवायची झाली तर दोरा खेचू नये. एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापावा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा अलगद निघतो. काकूंनी अशीच आपली गोधडी सोडवली. मधला भाग हातात येईना, कडेच्या कापडाचं एक दुपटं मात्र निघालं. ते त्यांनी हाताने शिवलं.

धुताना सौम्य साबण आणि गार पाणी पुरे. वॉशिंग मशीनमध्ये ओली गोधडी एका अंगाला गोळा होते आणि पिळताना सगळी ओढ टाक्यांवर येते. बादलीतून उचलताना दोन्ही हात खालून घालावेत. भिलाईच्या उन्हाळ्यात ती सावलीतही दिवसभरात वाळते. दोरीवर एका काठाने टांगण्यापेक्षा खाटेवर पसरावी, आणि अर्धवट वाळली की पालटावी.