उपदेशातील दाखला आणि विनोद

(पाळक व उपदेशक यांच्याकरिता पाठ)

वाचावयाचे उतारे: २ शमुवेल १२:१-१४, मत्तय १३:१-२३, मत्तय २३:२३-२४.

उपासना संपून मंडळी घरी निघाली आणि वाटेत कोणी विचारले, "आज पाळकसाहेबांनी काय सांगितले?" तर पुष्कळदा उत्तर मिळते, "मोठी गमतीची गोष्ट सांगितली." ती गोष्ट कोणत्या वचनावर होती, हे मात्र सांगता येत नाही. हा दोष ऐकणाऱ्यांचा नव्हे. दाखला हा वचनाचा चाकर आहे. चाकरच धन्याच्या गादीवर बसला, तर घरी आलेल्याने नमस्कार कोणास करावा? यास्तव दाखला व विनोद यांचा उपयोग कसा करावा, याचा शास्त्राच्या आधारे आपण विचार करू.

१. दाखला ऐकणाऱ्याच्या अंगणातला असावा.

पेरणारा, खमीर, मासे धरण्याचे जाळे, हरवलेले मेंढरू, दिवा लावून नाणे शोधणारी स्त्री, हे सर्व गालीलातील लोकांच्या नित्य पाहण्यातले होते. परंतु त्यांचे अंगण ते आपले अंगण नव्हे. आपला शेतकरी पाभरीने किंवा तिफणीने ओळीत पेरतो. चाड्यावर मूठ धरून दाणा मोजून सोडतो. तो मनात म्हणतो, "वाटेवर बी टाकणारा हा कसला शेतकरी!" अशा वेळी उपदेशकाने सांगावे की, पालेस्ताईनात बी हाताने फोकून पेरीत असत, शेतांतून पायवाटा जात असत, आणि कित्येक ठिकाणी मातीचा थर पातळ असून खाली खडक असे. एवढे सांगितले म्हणजे अडचण दूर होते. मुरमाड जमिनीत लवकर उगवून उन्हाने करपलेले रोप तर त्याच्या पूर्ण ओळखीचे आहे.

खमिराचेही तसेच. ज्या घरी रोज भाकरी होते तेथे खमीर कोण पाहतो? पण चमचाभर विरजण दुधाचे सगळे भांडे रात्रीतून कसे पालटून टाकते, हे प्रत्येक माउलीस ठाऊक आहे. ज्यांनी बर्फ कधी पाहिला नाही, त्यांस शुभ्रतेविषयी सांगताना नुकत्याच वेचलेल्या कापसाकडे बोट दाखवावे. परदेशी पुस्तकांतील जहाजे व दीपगृहे आपल्या लोकांपुढे मांडण्यापूर्वी घराबाहेर एकवार नजर टाकावी, हे बरे.

२. दाखला मूळ वचनाकडे परत यावा.

ही गोष्ट आपल्या कीर्तनकारांपासून शिकण्यासारखी आहे. ते पूर्वरंगात मूळ पद घेऊन त्याचे निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात, आणि आख्यान कितीही रंगले तरी शेवटी मूळ पदावर येऊन थांबतात. त्या वेळच्या अहमदनगराकडील ख्रिस्ती मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा प्रघात पडला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले व १९१९ साली प्रभूकडे गेलेले रे. नारायण वामन टिळक यांनीही भजन-कीर्तनाच्या द्वारे शुभवर्तमान गाइले. लंडनचे उपदेशक स्पर्जन (१८३४-१८९२) यांनी आपल्या विद्यार्थ्यांस शिकविताना दाखल्यांची तुलना घराच्या खिडक्यांशी केली आहे. खिडकीतून उजेड येतो खरा. परंतु भिंतीच नसतील तर खिडकी बसवावी कोठे?

३. दाखल्याने पाप दाखवावे, पाप्याचा बाजार मांडू नये.

नाथानाने दावीदास गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्या श्रीमंतास मरणदंड योग्य ठरविला, चौपट भरपाई ठरविली. आणि मग त्यास कळले की आपण आपलाच न्याय केला. दाखल्याचे सामर्थ्य हे असे असते. पण ध्यानात घ्यावे की नाथान दावीदाकडे गेला. लोकांस जमवून त्याने ही गोष्ट सांगितली, असे शास्त्रात नाही.

खेड्यातील मंडळी थोड्या घरांची असते. "एका गावी एक दारूबाज होता," असे पाळकाने म्हणताच सर्वांच्या माना एकाच बाजूस वळतात. नाव घेतले नाही तरी गाव ओळखते. त्या मनुष्याची बायको पदराने तोंड झाकते, मुले खाली पाहतात. पुढल्या रविवारी ते कुटुंब येत नाही, आणि आपण म्हणतो, "त्यांचा विश्वास थंडावला." व्यासपीठावरील मनुष्यास कोणी उलट उत्तर देऊ शकत नाही, म्हणूनच त्याने अधिक जपावे. घरभेटीत प्रार्थनेसाठी विश्वासाने सांगितलेले दुःख दाखल्यासाठी कधीही वापरू नये. ज्यास बोध करावयाचा, त्याच्या घरी जावे. तसेच दुसऱ्याची गोष्ट स्वतःवर घडली म्हणून सांगू नये. सत्याच्या देवाची सेवा असत्याने होत नाही.

४. विनोद कोणावर करावा?

पवित्र शास्त्रात विनोद नाही, असे कोण म्हणेल? कर्मेल डोंगरावर एलीयाने बालाच्या संदेष्ट्यांची थट्टा केली. डोळ्यांत मुसळ असता दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ काढावयास निघालेला मनुष्य प्रभूने आपल्यापुढे उभा केला. चिलट गाळून काढणारे आणि उंट गिळणारे परूशीही त्यानेच दाखविले. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे उंट अशुद्ध होता (लेवीय ११:४). तेव्हा तो गिळणाऱ्याची फजिती ऐकून लोकांस हसू आले असेल. पण प्रभूने हसे कोणाचे केले? दांभिकांचे. विधवेचे, कुष्ठरोग्याचे, शोमरोनी स्त्रीचे त्याने कधीच केले नाही.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या वाडवडिलांनी वेशीबाहेर राहून पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे हसे सोसले आहे. जात, बोली, रंग, व्यंग अथवा वांझपण यांवरील थट्टा देवाच्या घरात पुन्हा त्यांच्या वाट्यास येऊ नये. विनोदाने ताठ मान लवावी. वाकलेली मान आणखी वाकू नये. आणि ज्या पाळकास स्वतःवर हसता येते, त्याच्या विनोदास सहसा विष चढत नाही.

५. पारख.

सोमवारी शेताच्या बांधावर भेटलेल्या एखाद्या बंधूस विचारावे, "काल कोणते वचन ऐकले?" त्यास गोष्ट आठवून तिच्या आधाराने वचन सांगता आले, तर दाखल्याने आपली चाकरी बजावली. गोष्टच आठवली व वचन विसरले, तर पुढल्या वेळी ती गोष्ट कितीही आवडती असो, ती सोडून द्यावी.

सेवकांच्या सभेत विचार करण्यासाठी प्रश्न:
(१) येत्या रविवारच्या वचनास आपल्या गावातील कोणते काम, हत्यार अथवा पीक दाखला म्हणून लागू पडेल?
(२) आपण योजिलेल्या दाखल्यात मंडळीतील कोणी ओळखला जाईल काय?
(३) आपला विनोद ज्याच्याविषयी आहे, तो समोर बसला असता मोकळेपणे हसेल काय?

प्रभू आपल्या मुखास गोडी आणि आपल्या अंतःकरणास प्रीती देवो. आमेन.